गोळी उतरवितांना

स्वतःच्या दुखण्याविषयीं चारचौघांत बोलूं नये, असा आमच्या घराचा दंडक होता. वडील शेवटचीं सात वर्षें सांध्यांच्या दुखण्यानें अंथरुणाला खिळून होते. पण कोणीं प्रकृति विचारली कीं 'ठीक आहे' यापलीकडे त्यांच्या तोंडून अक्षर निघत नसे. तो संयम आम्हांस त्या वेळीं थोर वाटे, व आजहि वाटतो. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, त्यांचें दुखणें नेमकें काय होतें, कशानें हटलें, कशानें वाढलें, ही सर्व माहिती त्यांच्याबरोबरच गेली. पुढें तशाच दुखण्यानें आम्हांस गांठलें, तेव्हां विचारावयास घरांत कोणी उरलें नव्हतें. तेव्हां वाचकांची रजा घेऊन तो दंडक आम्ही येथें मोडीत आहों.

दुखण्याचें नांव ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. माधवनिदानांत 'आमवात' म्हणून जो रोग वर्णिला आहे, त्याच्याशीं याचें बरेंच जुळतें. शरीराचें रक्षण करण्यासाठीं जी व्यवस्था निसर्गानें केली, तीच सांध्यांच्या आंतील अस्तरावर उलटते आणि तेथें दाह सुरू होतो. उतारवयांत गुडघे झिजून दुखतात, तो प्रकार निराळा. तें दुखणें दिवसभराच्या श्रमानें संध्याकाळीं वाढतें. हें सकाळीं वाढतें. माणूस जागा होतो आणि पाहतो तों बोटें लांकडाचीं झालेलीं. आम्हांस प्रथम शंका आली ती वर्गांत नव्हे, ताटावर. आमच्या धाराशिव जिल्ह्यांत दोन वेळां ज्वारीची भाकरी असते आणि ती एका हातानें मोडण्याची रीत आहे. एके दिवशीं भाकरी मोडेना. भाकरी कडक झाली असेल असें म्हणून आम्ही दुसरी मागितली; ती तर तव्यावरून नुकतीच उतरलेली होती. पुढें खडू धरवेना, अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली, आणि मग सोलापूर गांठलें.

सोलापूरच्या डॉक्टरांनीं आमचे अठ्ठावीस सांधे एकामागून एक दाबून पाहिले. खांदे, कोपरे, मनगटें, बोटांचे वीस, गुडघे; हिशेब बरोबर अठ्ठावीसांचा असतो. कोठें दुखतें, कोठें सुजलें, हें शेजारीं बसलेली मुलगी कागदावर टिपीत होती. आमच्या मनांत त्या वेळीं तेरचे गोरोबाकाका आले. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून थापटणें घेऊन त्यांनीं एकेका संताच्या डोक्यावर मारून कोणतें मडकें पक्कें, कोणतें कच्चें, तें पाहिलें, अशी कथा आहे. बाकीचे निमूट बसले. नामदेव तेवढे कुरकुरले आणि कच्चे ठरले. तेर आमच्या गांवापासून फार दूर नाहीं, म्हणून ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. परंतु त्या दिवशीं प्रथमच आम्हांस नामदेवांचा पक्ष घ्यावासा वाटला. दुखत असतां दुखतें म्हणणारा कच्चा कसा? डॉक्टरांच्या हिशेबीं तरी जो ओरडतो तोच उपयोगाचा.

औषधें दोन मिळालीं. एक मेथोट्रेक्सेट, तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें, आणि त्याचा गुण यावयास सहा ते बारा आठवडे लागतात. दुसरें प्रेड्निसोलोन, म्हणजे ज्यास सगळे 'स्टेरॉइड' म्हणतात तें. रोज सकाळीं न्याहारीनंतर १५ मिलिग्रॅम. पहिल्याचा गुण येईपर्यंत दुसऱ्याचा पूल. 'पुलावर घर बांधावयाचें नाहीं, सर,' असें डॉक्टर म्हणाले. आम्हांस हें वाक्य आवडलें, पण त्याचा अर्थ कळावयास दीड वर्ष लागलें.

तिसऱ्या दिवशीं आमची मूठ वळली. याहून अधिक काय सांगावें? ज्यानें तीन महिने सदऱ्याचीं बटणें दुसऱ्याकडून लावून घेतलीं, त्यासच त्या मुठीची किंमत ठाऊक. नुसतें दुखणेंच गेलें असें नाहीं. अंगांत नवाच उत्साह संचारला. रात्रीं दोन वाजतां उठून आम्ही उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपवूं लागलों, अर्धवट राहिलेले दोन लेख पुरे केले, आणि भूक तर अशी कीं मध्यरात्रीं डबे धुंडाळावे. चेहरा गरगरीत झाला. 'सरांची तब्येत सुधारली', असें लोक म्हणूं लागले. फक्त घरांतून शेरा आला: 'अहो, तोंड भरलंय खरं, पण हें बाळसं मला खरं वाटत नाहीं.' पुढल्या तपासणींत साखर वाढलेली निघाली, रक्तदाबहि चढलेला. हाडें ठिसूळ होऊं नयेत म्हणून कॅल्शियम आणि ड-जीवनसत्त्व यांची भर पडली. म्हणजे एका गोळीच्या मागें तीन गोळ्या आल्या.

या औषधाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच नांवाचे डॉक्टर होते. शेरलॉक होम्सच्या कथांचे ते मोठे भोक्ते. १९२९ सालीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, सांधे आखडलेल्या एका रोग्यास कावीळ झाली आणि कावीळ असेतोंवर सांधे सुटले. गर्भारपणांतहि बायकांचें हें दुखणें पुष्कळदां निवतें. तेव्हां शरीरांतच कोठें तरी असा एखादा पदार्थ असला पाहिजे, असा त्यांनीं होम्सच्या थाटाचा तर्क बांधिला, आणि त्याचा माग वीस वर्षें सोडला नाहीं. त्याच संस्थेंतील एडवर्ड केंडल यांनीं मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून कांहीं पदार्थ वेगळे काढले होते. त्यांपैकीं एक, पुढें कॉर्टिझोन म्हणून ओळखला गेलेला, २१ सप्टेंबर १९४८ रोजीं एका एकोणतीस वर्षांच्या अंथरुणास खिळलेल्या बाईस प्रथम टोंचला. थोड्याच दिवसांत ती बाई हिंडूं फिरूं लागली. १९५० सालीं हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु औषध थांबवितांच दुखणें परत येतें, आणि फार दिवस दिलें तर चेहरा, मन, हाडें सर्वच बिघडतात, हेंहि लगेच दिसून आलें. हेंच यांनीं आपण रोग बरा केला असें म्हटलें नाहीं, हें त्यांच्या प्रामाणिकपणाचें लक्षण समजावें. आम्ही घेतों तें प्रेड्निसोलोन १९५५ च्या सुमारास प्रचारांत आलें.

आतां गोळी एकदम कां सोडूं नये, तें सांगितलें पाहिजे. कारण आमच्या भागांत यासंबंधीं अज्ञान फार आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथि आहेत. त्या रोज पहांटेच्या सुमारास अधिक, रात्रीं कमी, अशा बेतानें कॉर्टिसोल नांवाचा रस तयार करतात. हा रस म्हणजे शरीराचें संकटकाळचें बळ. तो किती करावा याचा हुकूम मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथीकडून येतो. बाहेरून गोळी येऊं लागली कीं मेंदूस वाटतें, माल भरपूर आहे. तो हुकूम देणें थांबवितो. आयता डबा येऊं लागला म्हणजे घरची चूल थंडावते, तसें हें आहे. महिनोन्महिने थंड राहिलेली चूल, डबा बंद केला म्हणून त्याच दिवशीं पेटत नाहीं. शरीर स्वतः रोज जेवढें कॉर्टिसोल करतें, तें सुमारें ५ मिलिग्रॅम प्रेड्निसोलोनच्या बरोबरीचें असतें. म्हणून पंधरावरून पांचावर येणें त्या मानानें सोपें. खरी परीक्षा पांचाच्या खालीं.

कळंबकडच्या एका खेड्यांतील आमच्या ओळखीच्या एक मावशी बाजारांतल्या एका विक्रेत्याकडून 'वाताची पुडी' घेत. पुडी जडीबुटीची म्हणून विकली जाई. तींत काय होतें हें कोणी तपासलें नाहीं. पण त्यांचा चंद्रासारखा वाटोळा झालेला चेहरा आणि दंडावरचे निळे डाग पाहिले, तेव्हां आमच्या डॉक्टरांस संशय उरला नाहीं. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें देशभर वारंवार आढळून आलें आहे. मावशी म्हणत, 'पुडी खाल्ली कीं पाय हलके होतेत, सर. नाहीं खाल्ली कीं उठवंना गेलंय.' एका उन्हाळ्यांत पैसे सरले, पुडी बंद झाली, आणि चौथ्या दिवशीं त्या ओकाऱ्या होऊन मोरींत पडल्या. रक्तदाब इतका उतरलेला होता कीं सरकारी रुग्णालयांत शिरेंतून स्टेरॉइड द्यावें लागलें. वांचल्या. आतां त्याच औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या गोळ्या घेतात आणि आमच्याहूनहि हळू उतरत आहेत. विक्रेत्यावर रागावून काय उपयोग? त्याची पुडी खेड्यांत पोंचते. सांध्यांचा डॉक्टर पोंचत नाहीं.

आणि दुखणेकरी थोडे नाहींत. आमच्याच सोलापूर-पुणें रस्त्यावर भिगवण लागतें. तेथें उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहावयास लोक जातात. त्याच भिगवणमध्यें १९९६ सालीं पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनीं जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेखालीं घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढ माणसांस सांधे, स्नायु यांविषयीं विचारलें. शंभरांत सुमारें अठरा जणांस असें कांहीं तरी दुखणें होतें. आमच्या जातीचा आमवात दोनशांत एकास. दोनशांत एक ही संख्या ऐकावयास लहान वाटते. आमच्या कॉलेजांत एका पदवीदान समारंभास जितके लोक जमतात, त्यांत असे पांच-सहा असावयाचे.

आमची उतरण पुढीलप्रमाणें झाली. पंधरावरून दहा, दहावरून साडेसात, साडेसातावरून पांच. यास सात महिने लागले आणि विशेष कांहीं घडलें नाहीं. मेथोट्रेक्सेटचा गुण तोंवर आला होता. नंतर महिन्यास एक मिलिग्रॅम, असा क्रम ठरला. तुळजापुरास जे गेले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, इतर देवळांस पायऱ्या चढून जावें लागतें, भवानीच्या दर्शनास पायऱ्या उतरून. ज्याचे गुडघे धरले आहेत त्यानें एकदां त्या उतरून पाहाव्या. चढापेक्षां उताराला अधिक दम लागतो.

चारावर आलों आणि सहाव्या दिवशीं अंग मोडून पडलें. पहिलें दुखणें बोटांत होतें, मनगटांत होतें. त्याचा पत्ता सांगतां येत असे. याचा पत्ता नव्हता. मांड्या, पाठ, खांदे, सर्व अंग ठणके. तापाशिवाय तापाची कणकण. दुपारीं तीन वाजतां अशी मरगळ कीं खुर्चीवरून उठावयास धीर करावा लागे. मनहि खालीं गेलें. रात्रीं दोनला उठून लेख लिहिणारे आम्ही, आतां तीन ओळींचें पत्र लिहावयास बसलों तर कंटाळून पडूं. तो उत्साह उसना होता, आणि सावकारानें मुद्दल मागावयास आरंभ केला होता.

आतां प्रश्न असा कीं, हें दुखणें कोणाचें? रोग परतला म्हणावें, तर गोळी वाढविली पाहिजे. गोळी कमी झाल्याची ही कुरकुर म्हणावी, तर गोळी वाढविणें म्हणजे पेटूं लागलेल्या चुलीवर पाणी ओतणें. दोन्ही दुखण्यांस उतारा एकच पडतो, ही यांतली मोठी अडचण. पांच मिलिग्रॅमच्या गोळ्यांची पट्टी टेबलाच्या खणांत पडलेली होती. त्यांतील दोन घेतल्या तर दुपारपर्यंत आम्ही मोकळे झालों असतों, हें आम्हांस पक्कें माहीत होतें. ज्यांनीं त्या बाळशावर अविश्वास दाखविला होता, त्यांनींच एका पहांटे, आम्ही पलंगाच्या कडेस वांकून बसलों असतां, पट्टी आणून पुढें ठेविली. 'घ्या हो एक. मला नाहीं बघवत.' आम्ही ती घेतली नाहीं, यांत शौर्य नव्हतें. सोलापूरला फोन लावण्यास साडेतीन तास अवकाश होता एवढेंच.

डॉक्टरांनीं रक्त तपासविलें. दाहाचीं मापें, ईएसआर व सीआरपी, वाढलेलीं नव्हतीं. अठ्ठावीस सांध्यांत एकहि सुजलेला नव्हता. 'रोग झोपलेला आहे. शरीर रडतंय,' असा त्यांचा निर्णय पडला. रक्तदाब ठीक आहे, ओकारी-चक्कर नाहीं, म्हणून गोळी वाढवावयाची नाहीं, उतरवावयाचीहि नाहीं. चारावरच आठ आठवडे मुक्काम करावा. मात्र ताप आला, अपघात झाला, शस्त्रक्रियेची वेळ आली, तर बिनदिक्कत वाढवावी लागेल आणि तसें लिहिलेलें कार्ड खिशांत असावें, असें त्यांनीं बजाविलें. तें कार्ड आमच्या ओळखपत्राच्या मागें आहे.

ते आठ आठवडे आम्ही कसे काढले, हें थोडें विस्तारानें सांगतों. कारण औषधाच्या चिठ्ठीवर हा भाग नसतो. पहिली गोष्ट, वही. डॉक्टर विचारीत, 'दहापैकीं दुखणें किती?' अठ्ठावीस वर्षें आम्ही दुसऱ्यांस गुण दिले. पण स्वतःच्या पाठीस गुण देतांना लेखणी अडे. आज सहा दिले, तर कालच्या सहांशीं त्याचें नातें काय? म्हणून गुण सोडून आम्ही घड्याळ धरलें. उठल्यापासून मूठ वळेपर्यंत किती मिनिटें? भाकरी मोडली कीं नाहीं? दोन आठवड्यांत वहीनें दाखविलें कीं, मूठ वीस मिनिटांत वळते आणि भाकरी रोज मोडते. दुखतें आहे तें दुसरेंच. हें समजल्यानें दुखणें कमी झालें नाहीं. पण भीति कमी झाली, आणि दुखण्याचा निम्मा जोर भीतींत असतो असें आम्हांस तेव्हां दिसलें.

दुसरी, ऊन पाणी. पहांटे घंगाळांत सोसवेल इतकें ऊन पाणी घेऊन त्यांत हात बुडवून बसावें आणि पाण्यांतच बोटें उघडावीं, मिटावीं. तिसरी, चालणें. हातलाईच्या डोंगराच्या दिशेनें आम्ही पहिल्या दिवशीं तीनशें पावलें गेलों आणि परत आलों; नंतर रोज पन्नास वाढविलीं. अंग दुखत असतां चालणें हा उलटा उपाय वाटतो, पण पडून राहिलेल्या दिवशीं रात्र अधिक वाईट जाई, हें वहींत स्पष्ट होतें. चौथी, पॅरासिटॅमॉल, दुखूं लागल्यावर नव्हे, तर डॉक्टरांनीं आंखून दिलेल्या वेळीं व आंखून दिलेल्या मापानें. इतर वेदनाशामक गोळ्या स्टेरॉइडबरोबर घेतल्या तर जठरांत व्रण पडण्याचा धोका वाढतो, म्हणून त्या वर्ज्य. शिवाय सकाळचा आठाचा तास दुपारीं बाराला नेला, आणि उत्तरपत्रिका दहा-दहाच्या जुड्यांनीं तपासूं लागलों. विद्यार्थ्यांस याचा फायदाच झाला असावा. अकराव्या पत्रिकेवर कावण्याची आमची जुनी संवय सुटली.

त्याच आठवड्यांत कन्येचें लग्न होतें. पांच दिवसांपुरती गोळी वाढवावी काय, हें आम्हीं डॉक्टरांस विचारलें. 'वाढवा, मी नाहीं म्हणणार नाहीं. पण मग उतरण पुन्हां पहिल्यापासून धरावी लागेल,' असें उत्तर आलें. दोन रात्री विचार केला आणि वाढविली नाहीं. लग्नांत आम्ही बहुतेक वेळ खुर्चीवर बसून होतों. कांहीं व्याह्यांस तो ताठा वाटला. कन्यादानाच्या वेळीं ओंजळ धरून राहावयाचें होतें. मंत्र लांबले, खांदे थरथरूं लागले, आणि पाण्याची धार हलूं लागली. तेव्हां मुलीनें आपल्या ओंजळीनें आमचे हात खालून हळूच उचलून धरले. भटजींच्या लक्षांत आलें नाहीं.

सातव्या आठवड्यांत एका दुपारीं तीन वाजून गेले आणि मरगळ आली नाहीं. आठव्यांत आम्ही तीनावर उतरलों. पुन्हां थोडें मोडलें, पण पहिल्याच्या निम्मे.

सर्वांचीच गोळी अशी सुटेल असें आम्ही म्हणत नाहीं. २०२० सालीं 'लॅन्सेट' पत्रांत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. टोसिलिझुमॅब हें नवें औषध चालू असून ज्यांचा रोग निवलेला होता, अशा रोज ५ मिलिग्रॅम घेणाऱ्या रोग्यांपैकीं निम्म्यांची गोळी तशीच ठेविली आणि निम्म्यांची महिन्यास एक मिलिग्रॅम उतरवीत बंद केली. रोग न उसळतां पार पडले ते उतरविणाऱ्यांत शेंकडा ६५, न उतरविणाऱ्यांत ७७. म्हणजे उतरविल्यानें कांहींचा रोग उसळतो हें खरें, आणि दोन-तृतीयांशांस ती सोडतां येते हेंहि खरें. ज्यांस सोडतां येत नाहीं त्यांनीं लाज मानण्याचें कारण नाहीं. आमच्या वडिलांस हा हिशेब कोणीं सांगितलाच नव्हता.

या महिन्यापासून आम्ही दोन मिलिग्रॅमवर आहों. चेहरा उतरला आहे. 'सर, खालावलात कीं हो!' असें लोक म्हणतात. पुढल्या सोमवारीं सोलापुरास जावयाचें आहे. घरची चूल कितपत पेटली हें पाहण्यासाठीं सकाळीं आठच्या सुमारास रक्त द्यावयाचें, आणि त्या दिवसाची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावयाची. पहांटेची एस. टी. पकडावी लागेल. घंगाळांतलें पाणी त्या दिवशीं साडेतीनलाच तापवावें लागणार, म्हणून घरांत आतांच कुरकुर सुरू झाली आहे.